पस्तिशीत दातांना तार, की पारदर्शक साचा?

श्रावणातला मंगळवार. काशीच्या पंचगंगा घाटावरून वर चढणाऱ्या गल्लीत मंगला गौरीच्या मंदिराकडे बायकांची रांग लागलेली असते. उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे इथली गर्दी दीड महिना ओसरत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पट्टा मराठी घरांचा. घाटावरचे बिंदुमाधवाचे आताचे देऊळही औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले. कित्येक पिढ्या काशीत काढलेल्या या घरांमध्ये नव्या सुनेची मंगळागौर आजही पूजली जाते. पूजा होते, मुक्याने जेवण होते, रात्री फुगड्या होतात आणि हल्ली या सगळ्याचे मोबाइलवर फोटो निघतात.

अशा एका घरातली चौतीस-पस्तीस वर्षांची सून डोळ्यांसमोर आणावी. शाळेत नोकरी, दोन मुले. फुगडी घालताना मनमोकळी हसणारी, पण फोटोसाठी मोबाइल समोर आला की हात आपोआप तोंडावर जाणारी. खालचे दात लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. त्याची तिला सवय झाली होती. पण गेल्या दोन-तीन वर्षांत वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडली आहे आणि ती वाढते आहे. तिने घरात विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, या वयात का कोणी दातांना तारा लावतं? शाळेतली पोरं हसतील तुला." नवऱ्याने पेपरातून मान वर न करता तोडगा सुचवला, "ते न दिसणारं प्लॅस्टिकचं निघालंय ना, ते घे. म्हणजे प्रश्नच मिटला."

प्रश्न मिटलेला नाही. उपचार दिसेल की नाही एवढ्याच मुद्द्यावर बहुतेक घरांत ही चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न मात्र वेगळाच निघायला हवा. ही फट आता, या वयात, का पडली?

लहानपणापासून असलेली फट आणि तिशीनंतर नव्याने पडलेली फट यांत फार फरक आहे. मोठ्या माणसाचे दात आपणहून पुढे येऊ लागले, पसरू लागले, हलू लागले, तर हिरड्यांचा आजार, म्हणजे ज्याला आपल्याकडे पायरिया म्हणतात तो, आहे का हे आधी पाहावे लागते. दाताच्या मुळाभोवती कीट साचते, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. हे सारे दुखत नसल्यामुळे बायका वर्षानुवर्षे अंगावर काढतात. आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजत असते. आधार कमी झाला की जिभेच्या आणि ओठांच्या नेहमीच्या दाबानेसुद्धा दात सरकतो. अशा दातांवर हिरड्या बऱ्या होण्याआधीच तार बसवली किंवा साचा चढवला, तर हाड झिजण्याचा वेग वाढतो. दात सरळ होतील, पण हलायला लागतील. मग तार तीस हजारांची की साचा लाखाचा, याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून आधी हिरड्या, मग दात. कीट काढणे, गरज असेल तर हिरडीच्या आतून खोल सफाई, मधुमेह असेल तर तो आटोक्यात आणणे आणि त्यानंतर काही महिने थांबून हिरडी धरते आहे का ते पाहणे. एवढे झाले की वयाची अडचण नाही. हाड आणि हिरडी निरोगी असेल तर चाळिशीत, पन्नाशीतही दात सरकवता येतात. सासूबाईंचे "या वयात" हे म्हणणे पूर्वीच्या काळी खरे वाटण्याजोगे होते, शास्त्राला धरून मात्र नव्हते.

दात सरकतो म्हणजे काय होते, हे थोडे समजून घ्यायला हवे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो. दाताला एका बाजूने हलका, सतत दाब दिला की त्या दिशेचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरून येते. या गतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब तारेचा आहे की प्लॅस्टिकचा, हे हाडाला कळत नाही. जास्त जोर लावला म्हणून काम लवकर होत नाही, उलट मुळाला इजा होते. 'सहा महिन्यांत हमखास सरळ दात' अशी पाटी दिसली की म्हणूनच सावध व्हावे. किरकोळ दुरुस्ती तेवढ्यात होते. बाकी बहुतेक मोठ्या माणसांचा उपचार एक ते दोन वर्षे चालतो. लग्न तीन महिन्यांवर आलेल्या मुलीने या भरीस पडू नये.

दात सरळ करण्याची खटपट जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दातांना बांधायच्या धातूच्या पट्टीचे वर्णन आहे. आजच्या तारांच्या उपचाराचा पाया अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी घातला. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे, हसले की तोंडभर पोलाद दिसे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या वरच्या थरावर सौम्य आम्ल लावून तो खरखरीत केला तर त्यावर प्लॅस्टिक घट्ट चिकटते, हे दाखवून दिले. पुढे त्यातूनच दातावर चिमुकला ठोकळा चिकटवायची सोय झाली. आकार लक्षात ठेवणारी निकेल-टायटेनियमची तारही १९७० च्या दशकात या कामी आली. ती कितीही वाकवली तरी मूळ आकारात यायला बघते आणि तसे करताना दाताला हळुवार ओढते.

पारदर्शक साच्याची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ मध्येच दातांवर चढवायचा रबराचा साचा वापरून दात थोडेथोडे हलवता येतात, हे मांडले होते. अडचण होती ती प्रत्येक टप्प्याचा वेगळा साचा हाताने घडवण्याची. संगणकाने ते काम सोपे केले. अमेरिकेत १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि तिच्या 'इनव्हिजलाइन' साच्यांना १९९८ मध्ये तिथल्या सरकारी खात्याची मान्यता मिळाली. आता भारतातही अनेक कंपन्या असे साचे, म्हणजे अलायनर, बनवतात.

तारेचा संसार

तार बसली की पहिला आठवडा कठीण जातो. दात ठणकतात, ओठाच्या आतून सालपटे निघतात. डॉक्टर मेण देतात, ते टोचणाऱ्या ठोकळ्यावर लावायचे. मऊ भात, खिचडी, दूध-पोळी यांवर चार दिवस काढायचे. पुढे तोंडाला सवय होते. खरा जाच असतो तो खाण्याचा. चिक्की, कडक कडबोळे, उसाचे कांडे, पेरूचा सबंध चावा, भाजलेले दाणे आणि अर्थातच सुपारी, हे सारे बंद. संक्रांतीची वडी मऊ असली तर चालते, कडक लाडू मात्र फोडूनच खावा. काशीच्या कचोरीची कडकडीत कड ठोकळा उखडू शकते. थंडीतली मलइयो तेवढी बिनधोक, तीही नंतर खळखळून चूळ भरली तर. ठोकळा निघाला की पुन्हा डॉक्टरकडे फेरी आणि उपचार तेवढा लांबणार.

स्वच्छता हा दुसरा भाग. तारेखाली अन्न अडकते आणि ते नीट काढले नाही तर ठोकळ्यांच्या भोवती दातावर पांढरे डाग पडतात. हे डाग म्हणजे किडीची सुरुवात असते आणि तार काढल्यावरही ते दिसत राहतात. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश आणि रात्री फटींतला बारीक ब्रश, याला पर्याय नाही.

दातांच्याच रंगाचे सिरॅमिकचे ठोकळेही मिळतात. लांबून दिसत नाहीत, धातूपेक्षा महाग पडतात, थोडे ठिसूळही असतात. मात्र त्यांच्यावरची रंगहीन रबरे आपल्या हळदीपुढे टिकाव धरत नाहीत. पहिल्याच वरणभाताला ती पिवळी पडतात आणि पुढच्या फेरीत बदलेपर्यंत पिवळीच राहतात. दाताच्या आतल्या बाजूने बसणारी तारही असते. ती अजिबात दिसत नाही, पण जिभेला घासते, बोलणे काही दिवस बोबडे होते, खर्चही खूप. शिकवण्याचे काम असणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावे.

आणखी एक गोष्ट बायकांनी आवर्जून सांगावी. खोटे दागिने घातले की कान चिडतात, मनगटाला खाज सुटते, असे होत असेल तर ती बहुधा निकेलची ॲलर्जी असते. तोंडात तिचा त्रास त्वचेपेक्षा कमी वेळा होतो, पण डॉक्टरला माहिती असेल तर ते वेगळी तार निवडू शकतात.

तारेच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. ती चोवीस तास आपले काम करते, रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. खूप वळलेले सुळे आणि उपदाढा जागेवर आणणे, दात काढून रिकामी झालेली मोठी जागा मुळासकट बंद करणे, वर अडकलेला दात खाली ओढणे, ही कामे तारेने अधिक भरवशाने होतात. शिवाय बहुतेक ठिकाणी ती साच्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

बावीस तासांचा हिशोब

अलायनरमध्ये दातांचे माप घेऊन किंवा तोंडात छोटा कॅमेरा फिरवून संगणकावर दातांची प्रतिकृती तयार करतात. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे टप्पे आखून एकामागून एक घालायचे साचे बनतात. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, एक-दोन आठवड्यांनी पुढचा चढवायचा. 'काहीच दिसत नाही' हे पूर्ण खरे नाही. बऱ्याच दातांवर पकडीसाठी दातांच्या रंगाचे लहान उंचवटे चिकटवावे लागतात आणि जागा करण्यासाठी दातांच्या कडा किंचित घासाव्याही लागतात. हे कित्येकींना निम्म्या वाटेत कळते आणि धक्का बसतो. ते आधी विचारून घ्यावे.

साचा काढता येतो हा त्याचा मोठा गुण. ब्रश नेहमीसारखा करता येतो, म्हणून ज्यांच्या हिरड्या एकदा बिघडून बऱ्या झाल्या आहेत त्यांना तो सोयीचा पडतो. ओठ सोलत नाहीत. दर महिन्याऐवजी दोन-दोन महिन्यांनी डॉक्टरकडे गेले तरी बहुधा चालते. आणि काढता येतो, हाच त्याचा मोठा दोषही.

साचा दिवसाचे बावीस तास तोंडात हवा. म्हणजे बाहेर राहायला दोनच तास. आता मराठी घरातला दिवस मांडून पाहावा. सकाळचा नाश्ता वीस मिनिटे, दोन जेवणे अर्ध्या-अर्ध्या तासाची, तीन वेळचा चहा दहा-दहा मिनिटांचा आणि ब्रश, चुळा यांना मिळून वीस मिनिटे. दोन तास संपून वर दहा मिनिटे झाली. यात शेजारणीने दिलेला पेढा नाही, देवळातला प्रसाद नाही, उपासाच्या दिवशी दर दोन तासांनी लागणारे काहीतरी नाही. साचा घालून साधे, गार पाणी तेवढे प्यायचे. गरम चहाने साचा वाकतो, डागाळतो आणि साखर दात व साच्यामध्ये कोंडली जाऊन कीड लागते.

पानाचे तर बोलायलाच नको. बनारसी पान गालात धरून तासभर रेंगाळण्यात त्याची लज्जत. तेवढा वेळ साचा खिशात राहणार. पानामागून सुपारी, तंबाखू आली की हिरड्यांचे नुकसान वेगळेच आणि तोंड कमी उघडू लागले असेल तर दात सरळ करण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी. हा इशारा बायकांनाही लागू आहे. बटव्यातल्या सुपारीला व्यसन न समजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

तेव्हा ज्यांचे खाणे ठरल्या वेळी होते, ज्यांना दोन चहा सोडवतील आणि जेवणावर उठताच ब्रश करून साचा चढवण्याची शिस्त पाळता येईल, त्यांना अलायनर मानवतो. स्वयंपाक करता करता चव घेणाऱ्या, मुलांच्या ताटातले उरलेसुरले संपवणाऱ्या गृहिणीला तो अवघड जातो, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अशा वेळी तार परवडली. चुकून चार तास साचा बाहेर राहिला तर आभाळ कोसळत नाही, पण रोजच तसे होऊ लागले की दात मागे पडतात, पुढचा साचा बसत नाही आणि माप पुन्हा घ्यावे लागते. साचा रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवू नये, उष्ट्या ताटाबरोबर तो हमखास जातो. डबीतच ठेवावा. धुवून खिडकीत वाळत ठेवण्याची चूक तर घाटाकाठच्या गल्ल्यांत कोणी करू नये. तिथल्या माकडांना वस्तूची किंमत कळत नाही.

कोणाच्या हाती द्यायचे?

जबडाच मागे किंवा पुढे असेल, तर वाढ संपलेल्या वयात नुसत्या तारेने किंवा साच्याने तो जागेवर येत नाही. दातांची थोडी झाकपाक होते, पुरती दुरुस्ती शस्त्रक्रियेनेच. अमुक एक साचा घातला की चेहराच बदलतो, असे कोणी सांगितले तर दुसरा सल्ला घ्यावा.

दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर तीन वर्षे फक्त याच विषयाचा अभ्यास करणाऱ्यास ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. पाटीवर पदवी वाचावी, विचारायला संकोच करू नये. काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या चिकित्सा विज्ञान संस्थेत दंतविज्ञानाची विद्याशाखा आहे. महाराष्ट्रातल्यांना मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेल्या नायर दंत महाविद्यालयासारख्या संस्था आहेत. अशा ठिकाणी रांग असते, वेळ लागतो, पण खर्च कमी येतो आणि साचा विकण्याची घाई कोणाला नसते. मंगला गौरीहून विश्वविद्यालय म्हणजे शहराचे दुसरे टोक. गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत, पुढे ई-रिक्षा, त्यात गर्दी. महिन्याला एक फेरी जमेल का, शाळेची रजा मिळेल का, हेही निवडीत धरावे लागते.

घरबसल्या माप घेऊन टपालाने साचे पाठवणाऱ्यांचा मोह धरू नये. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेली स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि तिचे ग्राहक उपचाराच्या मध्यावरच अडकले. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता दिलेला साचा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पैशांचे बोलणे सुरुवातीलाच आणि लेखी व्हावे. सांगितलेल्या रकमेत एक्स-रे आले का? शेवटी थोडे दात मागे राहिले तर जादा साच्यांचे वेगळे पैसे का? ठोकळा निघाला तर? शेवटचा रिटेनर धरला आहे का? हप्त्यांवर उपचार घेतला आणि मध्येच बदली झाली तर कागदपत्रे, मापे हातात मिळतील का? हे सारे विचारणारी बाई चिकित्सक ठरते, ठरू द्यावी.

डॉक्टरला आपणहून सांगायच्याही काही गोष्टी आहेत. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते सांगावे, कारण त्या काळात हिरड्या अधिक सुजतात आणि एक्स-रे शक्यतो टाळतात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही. त्यातल्या काही औषधांनी दात सरकण्याची गती मंदावते. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचे मनात असेल, तर दात सरळ केल्यानंतरच बसवावे. इम्प्लांट हाडाला घट्ट धरते, ते तारेने सरकत नाही.

मोठ्या वयात दात सरळ झाल्यावर पुढच्या दातांच्या मुळाशी हिरडीची टोके कमी पडून काळे त्रिकोण दिसतात, हेही आधी ठाऊक असावे. आधी चढलेल्या दातांनी ते झाकलेले असतात. डॉक्टर नंतर थोडी डागडुजी करतात, पण सोळा वर्षांच्या मुलीसारखी ओळ दर वेळी मिळत नाही.

मग त्या सूनबाईंनी काय करावे? वरची फट नवी, म्हणून पहिले तीन-चार महिने हिरड्यांचे. तोवर पैसे बाजूला टाकता येतात आणि साचा नसताही आपण दिवसातून किती वेळा तोंड हलवतो, हे वहीत लिहून पाहता येते. वहीतला हिशोब दोन तासांत बसला आणि चढलेले दात थोडेच असतील, तर अलायनर. नाही बसला, किंवा डॉक्टरांनी दात काढण्याची गरज सांगितली, तर तार. शाळेतली पोरे आठवडाभर हसतील. त्यांच्यातल्याच दोघा-तिघांच्या तोंडात तारा असतात.

दोन्हींच्या शेवटी एक गोष्ट सारखीच आहे, रिटेनर. उपचार संपला की दात आपल्या जुन्या जागेकडे ओढ घेतात, हिरड्यांच्या आजाराने सरकलेले दात तर फारच. म्हणून आतून चिकटवलेली बारीक तार किंवा रात्री घालायचा साचा पुढे कित्येक वर्षे ठेवावा लागतो. ज्यांनी लहानपणी तारा लावल्या आणि रिटेनर वर्षभरात कपाटात टाकला, त्यांतल्या अनेकजणी तिशीत पुन्हा याच खुर्चीत बसलेल्या दिसतात. त्यांनी घरी एकदा शोधावा. सापडला तर जोर करून बसवू नये, तो घेऊनच डॉक्टरकडे जावे.